उतरलेली चाळिशी

माझ्या दुकानात शिरणारा माणूस खुर्चीत बसण्याआधीच एक वाक्य बोलतो. "डॉक्टर, नंबर वाढलाय बहुतेक." तीस वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. त्यात दोन चुका असतात. मी डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढण्याचा कोर्स केलेला, काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा माणूस आहे. आणि नंबर वाढलाय की दुसरंच काही झालंय, हे त्या माणसाला ठाऊक नसतं.

पहिली चूक मी सुरुवातीला दुरुस्त करत असे. लोक हसून म्हणायचे, "असं कसं, डॉक्टर!" हळूहळू मी सांगणं सोडून दिलं. कानाला ते बरं वाटू लागलं होतं, हे खरं कारण. दुसरी चूक दुरुस्त करणं हे तर माझं कामच होतं. एका माणसाच्या बाबतीत मी ते केलं नाही. त्याचं नाव भागवत. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी तो त्याच्या मुलीला घेऊन दुकानात आला, आणि जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते लिहून काढावं असं वाटलं.

पण आधी हमीदचाचांबद्दल सांगायला हवं, कारण ही विद्या त्यांची.

हमीदचाचांचं दुकान पिंपरी कॅम्पातल्या एका बोळात होतं. एका बाजूला साड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला घड्याळजी. कोर्स संपवून मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा काचा हाताने घासाव्या लागत. दगडी चाक फिरायचं, त्यावर थेंबथेंब पाणी पडायचं आणि ओल्या काचेचा एक थंडगार वास सगळ्या दुकानात भरून राहायचा. आता हे काम मशीन करतं आणि कसलाच वास येत नाही. तो वास मला अजून कधीकधी स्वप्नात येतो, हे बायकोला सांगितलं तर ती हसते.

चाचांच्या समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी टांगलेली असे. वरती मोठा 'क', मग खाली खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. पाटी दोन्ही बाजूंनी रंगवलेली होती, पलीकडची अक्षरं वेगळी. तपासता तपासता मध्येच चाचा म्हणायचे, "जरा नाक पुसा." माणूस गोंधळून रुमाल काढायचा, तेवढ्यात चाचांनी पाटी उलटी केलेली असायची.

"चाचा, हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"अरे राजा, बाकावर बसल्याबसल्या लोक पाठ करतात. ड्रायव्हर लोक तर सगळ्यांत हुशार. लायसन गेलं तर घर कसं चालणार? डोळा खोटं बोलत नाही, घाबरलेला माणूस बोलतो."

दुसरी त्यांची सवय अशी, की संध्याकाळी सहानंतर ते कुणाचाही नंबर काढत नसत. दांडी बसवतील, स्क्रू आवळतील, पण नंबर नाही. "दमलेल्या डोळ्याला काय विचारायचं? उद्या सकाळी या. चहा माझ्याकडे." लोक चिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी यायचे.

त्यामागचं कारण साधं आहे. जवळचं बघताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळून धरावा लागतो. दिवसभर जवळचंच बघितलं तर संध्याकाळी तो पटकन सैल होत नाही. तासभर बादली धरली की मग बोटं उघडत नाहीत, तसं. त्या वेळी नंबर काढला तर नसलेला दूरचा नंबर दिसतो. माणूस तो चष्मा घेऊन जातो, सकाळी घालतो आणि त्याचं डोकं दुखायला लागतं.

मग आमच्या पट्ट्यात कॉम्प्युटर आले. सुरुवातीला ते देवघरासारख्या खोल्यांत असत. चपला बाहेर काढायच्या, आत गार हवा. पाठीमागून फुगलेल्या त्या मॉनिटरांना पुढून एक काळसर काच टांगलेली असे, तिला 'फिल्टर' म्हणायचे. त्या फिल्टरवर लोकांची एवढी श्रद्धा की काही जण त्याला हळदीकुंकू लावत. दसऱ्याला तर सगळेच लावत. भोसरीतल्या लहान लहान शेडमध्ये लाकडी फळ्यावर ड्रॉइंग काढणारी माणसं एकेक करून पडद्यासमोर जाऊन बसली. चाकणला कंपन्या उभ्या राहिल्या. अंधुक दिसणाऱ्यांची एक नवी जमात माझ्या दुकानात येऊ लागली.

'माझं' दुकान म्हणतोय, कारण एव्हाना चाचांनी काम थांबवलं होतं आणि मी दोन बोळ सोडून स्वतःचं दुकान उघडलं होतं. उद्घाटनाला चाचांनी ती पाटी मला भेट दिली. मी तिला हार घातला आणि आठवड्याभरात माळ्यावर ठेवून दिली. माझ्याकडे अक्षरांची, दिव्याची नवीन पेटी आली होती, आतून उजळणारी, एकाच तोंडाची. ती जास्त शोभून दिसायची. कंपन्यांच्या बसगाड्या साडेसहाला माणसं सोडायच्या आणि ती माणसं थेट माझ्याकडे यायची. त्यांना सकाळी या म्हणालो असतो, तर शेजारी दुसरं दुकान होतंच. मी संध्याकाळी नंबर काढू लागलो.

कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्याला अंधुक दिसतं त्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. ताथवड्याहून एक मुलगी यायची, फोनवर तक्रारी घेण्याच्या कामावर होती. तिने दोन ठिकाणी चष्मे करून घेतले होते, तरी दुपारनंतर अक्षरं पुसट व्हायची. मी तिला एक पान वाचायला दिलं आणि नुसता तिच्याकडे बघत बसलो. संपूर्ण पानात तिने पापणी मोजून तीनदा मिटली. पापणी म्हणजे डोळ्याची खिडकी पुसणारं फडकं. पडद्याकडे टक लावली की ते थांबतं, वर एसीचा झोत तोंडावर, आणि डोळा सुकतो. सुकलेल्या काचेतून धूसरच दिसणार. तिला चष्मा नको होता, खुर्ची सरकवायला हवी होती.

चाकणजवळच्या गावातले एक आबा होते. त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिलेली, आणि आबा दिवसभर घरात बसून टीव्हीवर गोदामाचे कॅमेरे बघत. "डाक्टर, आमाला मानसं दिसत्यात, त्वांडं दिसत न्हाईत." त्यांचा जवळचा चष्मा पोथी वाचण्याच्या अंतराचा होता आणि टीव्ही होता पाच हात लांब. मी म्हटलं, "आबा, टीव्हीला वेगळा चष्मा लागेल." ते म्हणाले, "म्हंजी चोरासाठी येक आन् देवासाठी येक? करा, व्हय." आबा अजून येतात आणि 'चोराचा चष्मा' नीट करून मागतात.

अशी माणसं आठवली की वाटतं, बरं काम केलं आपण. मग भागवत आठवतो.

भागवत मूळचा बीडकडचा. तरुणपणी भोसरीत लाकडी फळ्यावर ड्रॉइंग काढायचा, नंतर कॉम्प्युटर शिकला आणि चाकणच्या एका कारखान्यात डिझाइनला लागला. गाड्यांचे लहान भाग ज्या साच्यात बनतात त्या साच्यांची मापं काढायची. पेन्सिल लागत नव्हती तरी कानावर पेन्सिल असायचीच. पहिल्यांदा आला तेव्हा पंचेचाळिशीचा असेल.

"डॉक्टर, आकडे फुगायलेत. सहा हाय का आठ, कळंना."

मी दोरीने त्याच्या नाकापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजून आणायला सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी खरंच गाठ मारलेली दोरी आणली. त्या अंतराला बरोबर बसेल असा चष्मा मी केला. वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो, ते त्याला फार लागलं. "चाळिशी लागली म्हंजी म्हातारा झालो की. हापिसातली पोरं काका म्हणतील." पण चष्मा घातल्यावर त्याचा चेहरा उजळला. आठवड्याने मुद्दाम येऊन सांगून गेला, "सहा सहावानी दिसायलंय, आठ आठावानी."

दीडेक वर्षाने, एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला.

"डॉक्टर, तोंड गोड करा. चाळिशी उतरली!"

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्याने बाकावर पडलेलं वर्तमानपत्र उचललं आणि चष्म्याशिवाय, हात लांब न करता, बारीक टायपातली जाहिरात घडाघडा वाचून दाखवली. बाकावर बसलेली माणसं खूश झाली. एक जण म्हणाला, "भाऊ, काय खाता ते आम्हालाही सांगा की राव." भागवत म्हणाला, "काय न्हाई, बायको शेवग्याचा पाला घालायलीय." सगळ्यांना पेढे वाटले. मी एक खाल्ला, त्याने दोन खाल्ले. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढून तो ती एका दमात प्यायला आणि पुन्हा भरून घेतली. मला वाटलं, उन्हाळा आहे.

"फकस्त बसच्या पाट्या लांबून दिसंनात," तो जाता जाता म्हणाला.

मी तपासलं. दूरचा नंबर आला होता, चांगला दीडचा.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला शिकवलेली असते. चाळिशी उतरत नाही. पांढरा झालेला केस आपोआप काळा होत नाही, तसं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची चाळिशी अचानक गेली आणि दूरचं पुसट झालं, तर डोळ्याच्या आत काहीतरी फुगलंय असं समजायचं आणि त्याला रक्त तपासायला पाठवायचं. मला हे माहीत होतं. पण संध्याकाळचे सात वाजले होते, बाक भरलेला होता, आणि मनात आलं की डोळे दमलेले आहेत, म्हणून असं दिसतंय. मी म्हणालो, "कॉम्प्युटरमुळे होतं असं." त्या काळात हे उत्तर सगळ्याला चालायचं. डोकं दुखलं, कॉम्प्युटर. डोळे चुरचुरले, कॉम्प्युटर. मी त्याला दूरचा चष्मा करून दिला.

दिवाळीच्या आधी तो परत आला. या वेळी हसत नव्हता. नव्या चष्म्यातून लांबचं बिघडलं होतं, आणि जवळचं पुन्हा दिसेनासं झालं होतं. मी नंबर काढला. दूरचा नंबर नाहीसा झाला होता, चाळिशी परत आली होती. माझ्या हातात त्याच्या नंबरांची दोन कार्डं होती, एप्रिलचं आणि आताचं, आणि ती एकमेकांशी भांडत होती. मला एवढंच वाटलं, की एप्रिलमध्ये आपण चुकलो. बाकावरची माणसं ऐकत होती. मी जुनं कार्ड पालथं घातलं आणि त्यावर नवं ठेवलं.

"होतं असं कधीकधी. काचा बदलून देतो."

"डॉक्टर, डोळे बरे हायत ना?" त्याने आवाज खाली आणला. "आमच्याकडं नवं सॉफ्टवेअर यायलंय. ज्याला नीट दिसंना त्याला ड्रॉइंगवरनं काढून स्टोअरला धाडायलेत. मला दुसरं काय येतंय?"

"वाचा बघू," मी पेटीकडे बोट केलं.

त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचलं. पाढा म्हणावा तसं.

"बघा! शेवटची ओळसुद्धा," मी म्हणालो. "डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

चार महिन्यांनी एका सकाळी, मी शटर उघडत असताना, त्याची बायको त्याला दंडाला धरून घेऊन आली. डाव्या डोळ्यापुढे काळी जाळी लोंबत होती आणि मग लाल पाणी पसरावं तसं सगळं झाकून गेलं होतं. मी दुकान तसंच बंद केलं आणि त्यांना महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी डोळ्यात बघितलं आणि विचारलं, "शुगर कधीपासून आहे?"

"मला शुगर न्हाई," भागवत म्हणाला. त्याने कधी तपासलीच नव्हती.

रक्ताचा कागद आला तेव्हा त्यावरचा आकडा मला नीट वाचवेना. त्या बाईंनी शांतपणे समजावलं, की साखर फार वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, उतरतं, आणि चष्म्याचा नंबर त्याबरोबर हलतो. पुष्कळदा तीच पहिली खूण असते. डोळ्याच्या मागचा पडदा मात्र आतल्या आत खराब होत राहतो. "तुमचा नंबर असा वरखाली होत होता का?"

भागवतने माझ्याकडे पाहिलं. त्याला नंबर कुठे ठाऊक होते?

मी म्हणालो, "थोडा."

हा एक शब्द मी पुष्कळ वेळा परत घेऊन पाहिला आहे. तो परत येत नाही.

त्याच दिवशी मी हमीदचाचांच्या घरी गेलो. ते थकले होते, पलंगावर बसूनच असायचे. सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पाणी फार प्यायचा का रे?"

मला ती बाटली आठवली. मी मान डोलावली.

"आणि माझी पाटी कुठे आहे?"

"माळ्यावर."

"हं," ते म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले. पाटीचं त्यांनी का विचारलं हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

भागवतचा डावा डोळा गेला. उजवा लेझरने अर्धामुर्धा राहिला. ड्रॉइंगचं काम सुटलं, कंपनीने त्याला स्टोअरला घेतलं. खोकी मोजायची, चिठ्ठ्या लावायच्या. ज्याची त्याला भीती होती तेच झालं. तरी दर वर्षी तो चष्मा साफ करून घ्यायला माझ्याकडेच यायचा आणि मला डॉक्टर म्हणायचा. मी त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचो. कार्डाचं कधी बोललो नाही.

दुकानात मात्र मी बदललो. सहानंतर नंबर काढणं बंद केलं. निम्मी गर्दी शेजारी गेली. येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारू लागलो, पाणी किती पिता, रात्री किती वेळा उठता, साखर कधी तपासली. लोक म्हणतात, "डॉक्टर, डोळे दाखवायला आलोय." काही चिडून जातात. काही जण महिन्याभराने रक्ताचा रिपोर्ट घेऊन परत येतात आणि दारातूनच म्हणतात, "निघाली." मला त्यांच्याकडे बघवत नाही, आणि बरंही वाटतं.

तर गेल्या महिन्यातला तो रविवार. भागवतची मुलगी आता कॉम्प्युटरवरच काम करते, ताथवड्याला. तिला संध्याकाळी पडदा धूसर दिसायचा.

"बाबा म्हणाले, सकाळीच जायचं," ती म्हणाली. "आणि काका, शुगर विचारू नका. बाबा दर सहा महिन्यांनी करायला लावतात. नॉर्मल आहे."

मी तिला नेहमीसारखं तपासलं. पापण्या कमी मिटत होती, पडदा डोळ्यांच्या पातळीच्या वर होता. नंबर नव्हता. खात्रीसाठी तिला पेटी वाचायला सांगितली. ती शेवटच्या ओळीशी थबकली, डोळे बारीक केले. तेवढ्यात मागच्या बाकावरून हलक्या आवाजात आलं, "न, ग, त, य, ल, प."

मी वळलो. त्या बाकावरून ती ओळ मलाही नीट दिसत नाही.

"भागवतराव, तुम्हाला दिसतंय ते?"

"कुठलं दिसतंय? पाठ हाय."

"कधीपासून?"

त्याने कानामागची पेन्सिल काढून बोटांत फिरवली. ती पेन्सिल अजून होती. "तवापासनंच. दिवाळीच्या आधी आलतो ना, तवा खालच्या दोन ओळी दिसतच नव्हत्या. बाकावर बसून पोरगं एक वाचत होतं, त्याचं ऐकून पाठ केल्या. म्हटलं, डॉक्टरनी ठीक म्हटलं तर ड्रॉइंग ऱ्हाईल."

चाचांनी पाटी कुठे आहे असं का विचारलं होतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मग मीही सांगितलं. त्याच्या मुलीसमोर, सगळं. दोन कार्डं, पालथं घातलेलं कार्ड, पेढा, आणि तो 'थोडा'.  मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती.

भागवतने पेन्सिल परत कानावर ठेवली. मग म्हणाला, "मी खोटं वाचलं, तुमी खोटं बोललात. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट कसं?" मी म्हणालो. "डोळा तुमचा गेला."

"व्हय," तो म्हणाला. "डोळा माझाच गेला."

त्याने ते नाकारलं नाही, याचे मी त्याचे उपकार मानतो.

मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढलो आणि चाचांची पाटी खाली काढली. मुलीने ओढणीने धूळ पुसली. रंग थोडा उडाला होता, पण अक्षरं जागच्या जागी होती. पेटीचा दिवा बंद करून मी पाटी पेटीच्या वरच्या खिळ्यावर टांगली. भागवतला खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकायची गरज नव्हती.

त्याने वरचा 'क' वाचला. दुसरी ओळ वाचली. मी म्हणालो, "जरा नाक पुसा." तो हसला, रुमाल काढला, आणि मी पाटी उलटी केली.

नव्या अक्षरांच्या तीन ओळी त्याने सावकाश, एकेक अक्षर चाचपत वाचल्या. चौथ्या ओळीशी थांबला. डोळा बारीक केला, मान पुढे काढली, परत मागे घेतली.

"ह्याच्या खाली दिसंना, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो, आणि कार्डावर तेवढंच लिहिलं. चौथ्या ओळीपासून खाली दिसत नाही.